पान एकशे बेचाळीस

नाही, वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. मी म्हटलं, छापता येणार नाही. दोन्हींत फरक आहे — तो कळायला मला या खुर्चीत सव्वीस वर्षं लागली, तुम्हाला एका दुपारी फुकटात कळतोय, तर ऐकून घ्या. बसा. तिथे नको, तिचा पाय हलतो — इकडे, खिडकीकडच्या खुर्चीत. तो प्रुफांचा गठ्ठा ठेवा खाली जमिनीवर, काही होत नाही त्यांना. हां. तर तुमची ही नायिका. पंधरा वर्षांची पोरगी, शाळेच्या नाटकाच्या दिवशी मैत्रिणीला कपडे बदलायच्या खोलीत कोंडते, बाहेरून कडी लावते आणि तिची भूमिका स्वतः करून टाळ्या घेते. छान. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही — वाईट मुलगी वाचायला आवडते लोकांना, मुलींना तर जास्तच. पण पुढे? पुढची एकशे दहा पानं मी वाट बघतेय. आता रडेल, मग रडेल. आता आजारी पडेल, निदान पाय तरी मोडेल. काही नाही. बाई जेवते, झोपते, परीक्षेत बऱ्यापैकी मार्क मिळवते. आणि शेवटच्या पानावर ती मैत्रीण बसस्टॉपवर दिसते, तेव्हा तुमची नायिका काय करते? बुटाची नाडी बांधायला खाली वाकते. संपलं पुस्तक. मी पान उलटून मागे बघितलं, एखादं प्रकरण गहाळ झालंय का म्हणून.

माहितीये, माहितीये काय विचारणार आहात — मुलांचं कसं चालतं? चालतं. मीच चालवते. आमच्या यादीतला तो, ज्यानं शाळेची प्रयोगशाळा पेटवली — त्याला वडील नव्हते, एवढं एक वाक्य पुरलं. एक वाक्य. पोरींची पत्रं यायची पोत्यानं, त्याला माझ्यासारखी कुणीतरी समजून घेणारी हवी होती म्हणे. आणि त्याच वर्षी एक मुलगी छापली होती, आईला खोटं बोलून घरातून पळून जाणारी — बस, एवढंच केलं होतं तिनं, काही पेटवलं नव्हतं. तिच्याबद्दल काय लिहून आलं? आगाऊ. स्वार्थी. डोक्यात जाते. आणि लिहिणाऱ्या कोण, तर चौदा-चौदा वर्षांच्या मुली. त्यांच्या आया तर विचारूच नका. मग आम्ही दुसऱ्या आवृत्तीत तिला टायफॉईड दिला. हसू नका, खरंच दिला. बावीस पानं तापात ठेवली, केस गळले तिचे, आईच्या मांडीवर डोकं ठेवून माफी मागितली — मग आवडली सगळ्यांना. मुलाला भूतकाळ लागतो, मुलीला शिक्षा लागते. मी केलेला नियम नाहीये हा. मी फक्त पाळते. रडणं, आजारपण, माफी, मिठी — या क्रमानं. मिठी शेवटून दुसऱ्या पानावर.

वयानं तू माझ्या लेकीसारखी आहेस, आता तुम्ही-तुम्ही करून जीभ दुखायला लागली, तू म्हणते. तुला लिहिता येतं. त्या खोलीतून ती मैत्रीण आधी दार वाजवते आणि मग वाजवायची थांबते, ते जे तू लिहिलंयस — ते येतं तुला. म्हणून तर बोलावलं, नाहीतर दोन ओळींचं पत्र पाठवून मोकळी झाले असते. संहिता वाचली तेव्हाच मी तुला कळवलं होतं, दोन प्रकरणं वाढव. नायिका त्या मैत्रिणीच्या घरी जाते, दारात उभी राहते, तोंडातून शब्द फुटत नाही, मग ती मैत्रीणच तिला आत ओढून घेते. तू उत्तर काय पाठवलंस? मैत्रीण आत ओढून का घेईल. प्रश्नचिन्हसुद्धा दिलं नाहीस. का घेईल — अगं, कारण तसं केल्याशिवाय पुस्तक संपत नाही. मला कळतं त्यातलं. मी स्वतः लिहिलंय तसं दृश्य, नऊ आवृत्त्या झाल्यात, दहावी आत्ताच आली — ते बघ, वरच्या फळीवर, निळं. दोन बहिणी आणि पोहण्याच्या शर्यतीची कथा. वाचलंयस? बाराव्या वर्षी? मग रडली असशील. कुठे रडलीस? — हं. पान एकशे बेचाळीस. सगळ्या तिथेच रडतात.

खरीच आहे ती गोष्ट. म्हणजे बरीचशी. धाकटी माझी खरी आहे, घरात तिला सगळे मासोळी म्हणायचे. माझ्याहून अडीच वर्षांनी लहान. चालायच्या आधी पोहली म्हणायला हरकत नाही. पहाटे पाचला आमचं अख्खं घर उठायचं तिच्यासाठी — बाबा गाडी काढणार, आई डबे भरणार, आणि मी मागच्या सीटवर तिची पिशवी मांडीवर घेऊन, कारण मला घरी एकटीला ठेवायचं नाही. तलावाच्या पायऱ्यांवर बसून मी शाळेचा अभ्यास केलाय, क्लोरीनचा वास येतो माझ्या जुन्या वह्यांना. मीही पोहायचे आधी. चौथी यायचे. कायम चौथी — तिसरीसुद्धा नाही कधी. सोळाव्या वर्षी सोडलं, आणि सोडलं हे घरात कुणाच्या लक्षात यायला नऊ दिवस लागले. मोजले मी. लिहायला लागले होते तेव्हा. एका कथेला बक्षीस मिळालं, जाड कागदाचं प्रमाणपत्र, शाईनं नाव घातलेलं. ते घेऊन घरी आले त्याच संध्याकाळी धाकटीची मोठ्या स्पर्धेच्या संघात निवड झाली होती. सगळे नाचतायत. मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, कुणीतरी तिची ओली पिशवी त्याच्यावर ठेवली. सकाळी बघते तर माझं नाव पसरून निळा डाग.

बघ, वाईट वाटलं ना तुला? चेहऱ्यावर दिसलं. असं करायचं असतं. हे एवढंसं कारण आधी पेरलं की नंतर मुलीनं काही केलं तरी वाचणारी हात सोडत नाही. तुझ्या नायिकेला तू एवढंही दिलं नाहीस.

मग मी काय केलं — तर मी खरं सांगितलं. अगदी खरं. धाकटीला लहानपणी दोनदा फिट आली होती, सातव्या वर्षी आणि आठव्या. डॉक्टरांनी तीन वर्षं गोळ्या दिल्या, मग बंद केल्या, म्हणाले विसरून जा. आईनं संघाच्या अर्जात आजारपणाच्या रकान्यापुढे नाही असं लिहिलं होतं. मी प्रशिक्षकांना जाऊन भेटले. तलावाच्या मागे त्यांची छोटी खोली होती, शिट्ट्या आणि टॉवेल टांगलेले, तिथे उभी राहून सांगितलं की सर, आईनं लिहिलं नाहीये, पण तिला फिट येते. काळजीनं सांगितलं. पाण्यात काही झालं असतं तर? प्रशिक्षकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, मोठी बहीण असावी तर अशी. त्यांनी तपासण्या मागितल्या. तपासण्यांना सहा आठवडे लागले, तोवर संघ गेला होता. तपासण्यांत काही निघालं नाही. पण एकदा शंका आली की कोण घेतं पाण्यात — पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग तिनंच जायचं सोडलं.

तर पुस्तकात मी तेच घेतलं. फक्त शेवट वेगळा. पुस्तकात मोठी बहीण सांगते, सगळे तिच्यावर उलटतात, आई बोलत नाही, ती आतल्या आत झुरते — सत्तर पानं झुरते, मी काही कमी शिक्षा दिली नाही स्वतःला. आणि धाकटी हट्टानं शर्यतीत उतरते आणि शेवटच्या फेरीत, पाण्यात, तिला फिट येते. मोठी कपड्यांनिशी उडी मारते. बाहेर काढते. आणि मग हॉस्पिटलच्या पलंगावर, पान एकशे बेचाळीस, धाकटी डोळे उघडून म्हणते, ताई, तू बरोबर होतीस. शाळांनी लावलं ते पुस्तक. बायका मला रस्त्यात थांबवून सांगतात की आमच्या मुली पुन्हा बोलायला लागल्या एकमेकींशी. वाईट मुलगी चांगली कशी होते याचं उदाहरण म्हणून नाव घेतात माझ्या पुस्तकाचं.

धाकटीला? नाही, मी दिलं नव्हतं. अर्पणपत्रिकेत होती ती — माझ्या मासोळीला. पण हातात दिलं नव्हतं. ती एका चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांचे डोळे तपासते, पुस्तकं वाचायची तिला फारशी आवड नाही. सात वर्षं तिनं वाचलं नाही आणि मला वाटलं सुटले. मग तिच्या मुलीला ते शाळेत अभ्यासाला लागलं. माझी भाची. तिनं एका रात्रीत संपवलं आणि आईच्या गळ्यात पडली, म्हणाली, आई, तू पाण्यातून परत आलीस हे मला कधी सांगितलंच नाहीस. तेव्हा धाकटीनं वाचलं. आणि इथे आली. त्या हलणाऱ्या खुर्चीतच बसली होती, उठून दुसरीकडे बसली नाही, हलतच राहिली. मी चहा मागवला. ती प्यायली नाही.

भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाऱ्यांना मी सांभाळते, रोजचंच काम आहे. ती दुकानात बोलते तशी बोलली — ही ओळ दिसते का, आता ही दिसते का, त्या आवाजात. म्हणाली, "पान एकशे बेचाळीसवर मी तुला माफ केलंय म्हणे. कधी केलं?" मी म्हटलं, अगं कादंबरी आहे ती. म्हणाली, "मला आयुष्यात पाण्यात फिट आली नाही. आठव्या वर्षानंतर कुठेच आली नाही. तुझं खरं ठरावं म्हणून तू मला बुडवलंस." मग त्या फळीकडे बघत म्हणाली की प्रशिक्षकांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. मी काय बोलले ते. अक्षरशः.

काय म्हणजे? मी सांगितलं ना — फिट येते म्हणाले. येते. हो, येत होती असं नाही म्हणाले, येते म्हणाले. आणि त्यांनी विचारलं, शेवटची कधी आली? साधा प्रश्न. खरं उत्तर दिलं असतं तर, सर, सात वर्षं झाली — तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं, काळजी करू नकोस म्हणाले असते. सगळं तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, गेल्या महिन्यात. बाथरूममध्ये. आई लपवते.

झालं. म्हटलं. सतरा वर्षांची होते मी — का, तुझी नायिका पंधराची आहे, तिला तू काही सूट दिलीस? नाही ना. मग मला कशाला देतेस, ते डोळे खाली कर. आणि ऐकायचंच आहे तर पुढचंही ऐक, ते पुस्तकात नाहीये. प्रशिक्षकांनी आईला विचारलं. आई म्हणाली असं काही झालेलं नाही. बाबांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, मोठी कशाला खोटं बोलेल म्हणाले. पुढचे कित्येक दिवस आई-बाबांत बोलणं नव्हतं. आणि हळूहळू — हे मला अजून कळत नाही बघ कसं होतं — हळूहळू आईलाच वाटायला लागलं की आली असेल. आपल्याला कळलं नसेल. तिनं बाथरूमची कडी काढून टाकली. स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः काढली. धाकटी अंघोळीला गेली की आई बाहेर भिंतीला टेकून उभी राहायची आणि दर दोन मिनिटांनी हाक मारायची, आणि आतून ओ आली नाही की दार ढकलायची. पंधरा वर्षांची मुलगी. मग सोळा, मग एकोणीस. लग्न होऊन गेली तोवर. मी खोलीत बसून लिहीत असायचे, हाक ऐकू यायची. एका शब्दात थांबवता आलं असतं. एक शब्द. आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं की तिनं धाकटीचं दुखणं लोकांपासून लपवलं, त्याचं हे फळ मिळालं.

माफी? मागितली ना. त्याच दिवशी, याच खोलीत. मला काय, दृश्य पाठ होतं. उठले, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले, तिचा हात धरला, आवाजही फुटेना मला, खरोखरच फुटेना — आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, ताई, हे प्रकरण अकरामधलं आहे. हात सोडवून घेतला. रागानं नाही. चष्म्याची काडी सोडवावी केसांतून, तसा. म्हणाली तिला माझी माफी नको, माझं रडणं तर मुळीच नको, तिला एकच हवं होतं. पुढच्या आवृत्तीत माझी फिट काढ. बाकी तुला काय लिहायचं ते लिही, तू महान हो, देवी हो, पण मला पाण्यात फिट आणू नकोस. माझी मुलगी वाचते. मी तिच्यासमोर तुझी लक्तरं काढणार नाही, तेवढं मला जमणार नाही, पण तू ते काढ. मी हो म्हटलं. जाताना दारात थांबून तिनं विचारलं की या तुझ्या पुस्तकांत वाईट बहीण सुधारते तेव्हा दुसरीनं नेहमी मरायलाच टेकावं लागतं का. मी म्हटलं, साधारण तसंच असतं. मान हलवली आणि गेली.

दहावी आवृत्ती? ती बघ ना समोर आहे, उघड. एकशे बेचाळीस. जसंच्या तसं आहे. छापायची घाई झाली — नाही. घाई-बिई काही नव्हती. प्रूफ या टेबलावर आठ दिवस होतं. रोज ते पान काढायचे, पेन्सिल घ्यायचे आणि वाचायचे. फार चांगलं जमलंय ते पान. माझ्या हातून तेवढं एकच चांगलं जमलंय, आणि तिच्याशिवाय ते उभं राहत नाही, तिनं बुडावंच लागतं. एक स्वल्पविराम सुधारला आणि पाठवून दिलं.

आता तुझ्या संहितेचं. आमच्याकडे आलेलं सगळं आधी माझी भाची वाचते. पंधरा पूर्ण झालीत तिला, दर शनिवारी येते माझ्याकडे, हो, अजून येते — तिची आई अडवत नाही, आणि मला ती आवडते, माझ्या घरात तिच्याएवढं कुणी बोलत नाही. मावशी, हे भारी आहे, मावशी, हे भंगार आहे, असं सांगते आणि चुकत नाही. तुझी मीच दिली तिला. बैठकीत सोफ्यावर पालथी पडून वाचली, मधे एकदा पाणी प्यायला उठली, बस. संपल्यावर उठून बसली. मी म्हटलं, शेवट अर्धवट आहे ना? म्हणाली, नाही, शेवट खरा आहे. अशाच असतात मुली. मग कागद नीट जुळवत म्हणाली, मावशी, एक विचारू? "आईला तेव्हा पाण्यात खरंच फिट आली होती का गं?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नव्हतं विचारलं, तुझं वाचेपर्यंत. म्हणजे तू काय केलंस बघ. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती — संशयानं नाही, तेच तर, प्रेमानं. तिची तयारी होती. मी नाही म्हणाले असते तरी ती उठून गेली नसती, मला कळत होतं ते, तिला तुझी नायिका आवडली होती ना, बुटाची नाडी बांधणारी. मीही तिला चालले असते. दार उघडंच होतं म्हण.

मी म्हटलं, हो. आली होती.

मग? मग काही नाही. बरं म्हणाली. पिशवी घेतली, निघाली. गेल्या शनिवारी आली नाही, परीक्षा असेल. धाकटीचाही फोन नाही.

तर तुमची संहिता ही. मी कुठे खुणा केलेल्या नाहीत, दुसरीकडे द्यायला अडचण येणार नाही, पण कुणी घेईलसं वाटत नाही. आणि मला विचारलं कुणी, या क्षेत्रात विचारतात मला, तर मी काय सांगेन ते तुम्हाला माहीत आहे. नको, ती दोन प्रकरणंही आता नकोत. लिहिलीत तरी नको. कागद परत मिळाले म्हणून इथे सही करा — इथे नाही, खालच्या ओळीवर. तारीख घाला.

आणखी काही बोलायचं होतं तुम्हाला?

नाही ना. मग या. बाहेर कुणी बसलं असेल तर आत पाठवा.